बाबांना कसं विचारायचं

माझं काम काय ते सांगायला गेलं की समोरच्याचा चेहरा कोरा पडतो, म्हणून हल्ली मी सांगतच नाही. जबलपुरात, मदन महलच्या आमच्या गल्लीत 'घरबसल्या कंप्युटरवर काहीतरी करते' एवढी माझी ख्याती आहे आणि ती पुरेशी आहे. खरं काम असं की पुण्यातली एक कंपनी दवाखान्यांसाठी मोबाईलचं अ‍ॅप बनवते. डॉक्टरांची वेळ घ्यायची, तपासणीचे रिपोर्ट बघायचे, औषधाची आठवण लावून ठेवायची, असलं अ‍ॅप. त्यात जिथे जिथे अक्षरं दिसतात, म्हणजे बटणावर, सूचनेत, काही चुकलं की उमटणाऱ्या लाल ओळीत, ती मराठीत आणि हिंदीत मी लिहिते. आता पहिला मसुदा यंत्र लिहून देतं आणि मी त्याला माणसात आणते.

ऐकायला हे काम पोरखेळ वाटतं. पण आजारी माणूस डोळ्यांसमोर आणा. हातात सुनेचा फोन, चष्मा सापडत नाहीये, आणि बटणावर लिहिलंय 'पुष्टी करा'. कसली पुष्टी? एका पडद्यावर 'अपॉइंटमेंट', पुढच्यावर 'भेटीची वेळ', त्याच्या पुढच्यावर 'बुकिंग'. लिहिणाऱ्याला वाटतं भाषा समृद्ध झाली, आणि म्हाताऱ्याला वाटतं आपण तीन वेगवेगळ्या गोष्टी करून बसलो. एका वस्तूला एकच शब्द, यावर मी कंपनीत इतक्यांशी भांडले आहे की मीटिंगमध्ये माझा आवाज ऐकू आला की लोक कॅमेरा बंद करतात. दुसरं माझं भांडण 'हो' आणि 'नाही' या बटणांशी. घाईत असलेला माणूस प्रश्न वाचत नाही, तो नुसतं बटण वाचतो. म्हणून बटण दाबल्यावर काय होणार आहे, ते बटणावरच लिहिलेलं असावं. आणि ते परत फिरवता येणार नसेल तर तसं स्वच्छ सांगावं, गुळगुळीत करू नये.

असे उपदेश मी बरीच वर्षं केले. मग बाबांना झटका आला.

बाबा संरक्षण खात्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. बोलका माणूस. भाजी आणायला गेले की तासाभरानं परत यायचे, कारण वाटेत निम्म्या गल्लीची चौकशी व्हायची. मराठीत सुरू केलेलं वाक्य हिंदीत संपवायचं ही त्यांची जुनी खोड. दिवाळी झाल्यावर एका सकाळी दाढी करता करता त्यांच्या हातातला ब्रश पडला. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा उजवी बाजू गेलेली होती, वाचा गेलेली होती, आणि घास गिळणंही गेलं होतं. नाकातून नळी घातली होती. तिच्यातून आई दिवसभर पातळ खिमटी, दूध, डाळीचं पाणी सोडायची. बाबांच्या डोळ्यांत मात्र बाबा होते. मी खोलीत शिरले की ते बघायचे, ओळखायचे, आणि काहीतरी सांगायचं आहे अशा तयारीनं तोंड उघडायचे. मग बाहेर यायचा तो आवाज ऐकून आई स्वयंपाकघरात निघून जायची.

बोलणं शिकवायला एक मुलगी यायची. सिहोऱ्याहून बसनं यायची, हसतमुख, कामात पक्की. आम्ही तिला दीदी म्हणायचो, वयानं माझ्याहून बरीच लहान होती तरी. पहिल्याच दिवशी तिनं बाबांना विचारलं, आपका घर जबलपुर में है? बाबांनी मान डोलावली. आई इतकी हरखली की डोळ्यांना पदर लावला. मग दीदीनं त्याच सुरात विचारलं, आप औरत हैं? बाबांनी तितक्याच गंभीरपणे मान डोलावली. आईला एकदम हसू फुटलं आणि मग तिनं तोंडावर हात धरला.

दीदीनं आम्हाला बाहेर नेऊन समजावलं. हे कळत नसल्यामुळे नाही, म्हणाली. त्यांना बरंच कळतंय. पण 'हो'ची मान आणि 'नाही'ची मान यांच्यातली वाट तुटली आहे. काहीही विचारा, मान एकच हलणार. तेव्हा त्या मानेवर विश्वास ठेवू नका.

बाबा नाकातली नळी पुन्हा पुन्हा ओढून काढायचे. म्हणून डाव्या हाताला कापडी पिशवीसारखा मोजा घालून तो पलंगाला बांधून ठेवायचो. आम्ही बांधायचो. जन्मभर कोणाच्या दाराशी उभं राहून हात न जोडलेल्या माणसाचा चालता हात आम्ही पलंगाला बांधायचो, आणि नळी परत घालायला माणूस आला की बाबा माझ्याकडे बघायचे. ती नजर मला सोसायची नाही. मी खिडकीबाहेर, टेकडीवरच्या किल्ल्याकडे बघत बसायचे.

एके दिवशी डॉक्टरांनी मला आणि आईला बसवून सांगितलं की नाकातली नळी फार काळ ठेवता येत नाही. पोटाला छोटं छिद्र पाडून तिथून कायमची नळी बसवता येईल. पोट भरेल, औषध जाईल, असं वर्षानुवर्षं चालू शकतं. नाही बसवली तर तोंडानं भरवावं लागेल, त्यात अन्न छातीत जायची भीती आहे, शिवाय पोटही पुरेसं भरणार नाही. मग फार दिवस नाहीत. हे सगळं ते हिंदीत, हळू आवाजात बोलले, आणि उठता उठता म्हणाले, "घर में सोच लीजिए. वो समझ सकते हैं तो उनसे भी पूछ लीजिए."

घरी आल्यावर आई म्हणाली, यात सोचायचं काय आहे. नागपूरचा मामा फोनवर म्हणाला, यात विचारायचं काय आहे. मला तरी काय वेगळं वाटत होतं? मला बाबा हवे होते. कसेही, पडलेले, मुके, नळी लावलेले, पण त्या पलंगावर हवे होते. इतकं साधं आणि इतकं स्वार्थी होतं ते. पण डॉक्टरांचं शेवटचं वाक्य डोक्यातून जाईना. उनसे भी पूछ लीजिए. ज्याला विचारायचं त्याची मान खोटं बोलते, आणि ज्या मुलीनं विचारायचं ती लोकांनी प्रश्न कसे विचारावेत याचा पगार घेते.

मी दीदीला विचारलं, कार्डांवरून जमेल का? ती म्हणाली, आधी क्षुल्लक गोष्टींवर बघू. जिथे उत्तर चुकलं तरी काही बिघडणार नाही, अशा गोष्टी घ्या.

मी जाड पुठ्ठ्याचे तुकडे कापले. आधी माझ्यातल्या आळशानं 'हवं' आणि 'नको' अशी दोनच कार्डं केली, सगळ्या प्रश्नांना चालतील म्हणून. साफ आपटली. बाबा हाताशी जवळ असेल ते कार्ड दाबायचे. मग मी माझ्याच धंद्याला शरण गेले. 'रेडिओ लावा' असं एक कार्ड, त्यावर रेडिओचं चित्र आणि सुरांच्या रेघा. 'रेडिओ बंद' असं दुसरं, त्यावर नुसता मुका रेडिओ. दोन शब्द, मोठी अक्षरं, बाकी काही नाही. तोंडानं मी एवढंच म्हणायचे, "बाबा, कोणतं?" दर वेळी कार्डांच्या जागा बदलायच्या, म्हणजे ते बघून निवडतायत की नुसता हात टाकतायत ते कळेल.

सकाळी आईचा भजनांचा कार्यक्रम लागलेला असताना त्यांनी 'रेडिओ बंद'वर बोट ठेवलं. मी जागा बदलल्या. पुन्हा 'बंद'. पुन्हा बदलल्या. त्यांनी माझ्याकडे, ही पोरगी ठार बहिरी आहे का, अशा नजरेनं पाहिलं आणि त्याच कार्डावर बोट आपटलं. मी रेडिओ बंद केला. बाबांनी डोळे मिटून असा श्वास सोडला की मला रडू आलं. आई मात्र दारात उभी राहून रुसली. इतकी वर्षं मग काहून ऐकून घेतलं, म्हणाली, सांगायचं होतं ना.

पडद्याचं, पंख्याचं, उशीचं, सगळं जमत गेलं. ऊन अंगावर घ्यायचं असलं की 'पडदा उघडा', नाहीतर 'पडदा लावा'. दीदी म्हणाली की आता तुम्ही विचारू शकता. ती बसच्या वेळेला निघून गेली आणि मी पुठ्ठा घेऊन टेबलाशी बसले. मला वाटलं होतं की अवघड भाग संपला.

एका बाजूचं कार्ड चटकन झालं. 'पोटात नळी बसवा'. खाली, 'पोट भरेल. घास नाही.' पोटाचं चित्र, त्यातून निघालेली नळी. दुसऱ्यावर 'नळी नको'. खाली, 'आई घास भरवेल.' वाटी-चमच्याचं चित्र. आणि इथे माझा हात थांबला, कारण हे कार्ड खोटं होतं. कोण शहाणा माणूस नळी घेईल, समोर बायकोच्या हातचा घास असताना? पुढे काय होणार ते कार्ड सांगत नव्हतं. मी खाली लिहिलं, 'त्रास होऊ शकतो.' असलं वाक्य कंपनीत कोणी लिहून पाठवलं असतं तर मी ते लाल करून परत पाठवलं असतं. कसला त्रास? किती? मी ते खोडून 'तब्येत बिघडू शकते' लिहिलं. तेही धुकंच. मी नवे नवे पुठ्ठे कापत राहिले. आयुष्यात प्रथमच मला कळलं की लोक 'काहीतरी चूक झाली' असलं बिनहाडाचं वाक्य काहून लिहितात. त्यांना नेमकं सांगता येत नाही म्हणून नव्हे. नेमकं सांगायची हिंमत नसते म्हणून.

त्याच दिवसांत पुण्याशी माझं एक भांडण चालू होतं. अ‍ॅप रोज सूचना पाठवायची परवानगी मागायचं, तिथे दोन बटणं होती, 'सूचना पाठवा' आणि 'सूचना नको'. आमच्या टीमच्या साहेबाला 'नको' खुपत होतं. त्याच्या जागी 'नंतर विचारा' लिहू, म्हणाला, म्हणजे आपल्याला परत विचारता येतं. मी तडकले. ज्याला नको म्हणायचंय त्याला नको म्हणायला जागाच ठेवली नाही तर तो प्रश्न कसला, ती तर फसवणूक झाली. बाहेर स्टेशनवरची गाडीची घोषणा चालू होती, तिच्यावर आवाज चढवून मी हे बोलले. साहेब हसून म्हणाला, अहो मॅडम, माणसाला स्वतःला काय हवंय ते कुठे कळतं, आपण जरा मदत करायची. फोन ठेवला तेव्हा रागानं माझे कान तापले होते, आणि टेबलावर 'तब्येत बिघडू शकते'वाला पुठ्ठा पडलेला होता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मी तो पुठ्ठा फाडला आणि नव्यावर लिहिलं, 'आई घास भरवेल. तुम्ही फार दिवस जगणार नाही.' चित्र तेच ठेवलं. अक्षर मुद्दाम बाकीच्या कार्डांसारखंच मोठं ठेवलं, लहान केलं असतं तर तीही लबाडीच होती.

दुपारी आई भांडी आवरत असताना मी बाबांच्या हाताचा मोजा सोडला, त्यांना उशांना टेकवून बसवलं, आणि दोन्ही कार्डं आधी वाचून दाखवली. शेवटची ओळ वाचताना माझा आवाज फाटला. बाबा माझ्या तोंडाकडे नाही, कार्डाकडे बघत होते. मग मी म्हणाले, "बाबा, कोणतं?"

त्यांनी घाई केली नाही. दोन्हींवरून नजर फिरवली आणि 'नळी नको'वर हात ठेवला. बोट नाही, पूर्ण पंजा.

मी जागा बदलल्या. तेच. मी कार्डं उचलली, त्यांना पाणी लावलेल्या कापसानं ओठ ओले करून दिले, उगाच पडदा सारखा केला, आणि पुन्हा मांडली. तेच. मला आतून ओरडावंसं वाटत होतं, की बाबा, एकदा तरी चुका, एकदा चुकीच्या जागी हात पडू द्या, म्हणजे मी म्हणेन की यांना कळत नाहीये. आणि मग मी साहेबासारखंच केलं. टेबलाशी गेले आणि तिसरं कार्ड लिहिलं, 'थोडे दिवस नळी लावून बघू'. असा काही पर्याय डॉक्टरांनी दिलाच नव्हता. बाबांनी ते कार्ड वाचलं. बराच वेळ. मग डाव्या हातानं ते उचलून पालथं घातलं.

आईला मी सांगितलं तेव्हा ती ऐकायलाच तयार नव्हती.

"त्यांचं नको मला सांगते तू? जन्मभर ताटावर हात आडवा धरला त्यांनी, अन् मी वाढलंच. खाल्लंच ना त्यांनी? आपल्या लोकांचं नको असंच असते."

ती म्हणत होती ते खरंच होतं. आमच्या घरात पहिलं नको कोणीच धरत नाही. पाहुण्यानं नको म्हणायचं, यजमानानं वाढायचं, ही तर रीतच. लोकांना त्रास नको म्हणून नको म्हणत असतील, आपण आग्रह करायला पाहिजे, असं मलाही म्हणता येत होतं, आणि देवाशपथ, म्हणावंसं वाटत होतं. इकडे आड तिकडे विहीर. त्यांचं ऐकलं तर ते जाणार, नाही ऐकलं तर ते राहणार पण त्यांचं कोणी ऐकलं नाही असे राहणार.

आई हात पुसत खोलीत गेली. माझी कार्डं तिनं बाजूला सारली. पलंगाच्या कडेवर बसून, आयुष्यभर बोलत आली तशी, सरळ बोलली. "अहो, नळी लावून घ्यायची ना? लावू ना आपण?"

बाबांनी मान डोलावली.

आईनं माझ्याकडे वळून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की मी आयुष्यात तो तसा पाहिला नव्हता. बघ, म्हणाली, माझ्याशी हो म्हणाले. तुझ्या पुठ्ठ्यांशी काय बोलतील ते. त्या मानेला काही अर्थ नाही हे मला पक्कं ठाऊक होतं आणि तरी ती मान मला हवी होती. मी काही बोलले नाही तर तिथेच सगळं मिटणार होतं. आई मला विचारणार नव्हती, डॉक्टर मला विचारणार नव्हते, आणि बाबांना विचारता येत नव्हतं. मी काही बोलले नाही. हे मी लिहून ठेवते कारण तेव्हा मी खरोखर काही बोलले नाही.

आईच परत त्यांच्याकडे वळली. तिचा हसरा चेहरा तसाच होता, पण आवाज जरा हलला होता. "अन् मी जाऊ का हो आता? नागपूरला, भावाकडे? कायमची?"

बाबांनी मान डोलावली. तितकीच, तशीच.

आईनं मागे न बघता माझ्याकडे हात पुढे केला. "दे इकडे ते."

मी दोन्ही कार्डं दिली. चष्मा नव्हता म्हणून ती डोळ्यांजवळ नेऊन वाचत होती, ओठ हलवत, शाळेतल्या मुलीसारखी. 'फार दिवस जगणार नाही'पाशी ओठ थांबले. तिनं ती कार्डं बाबांच्या मांडीवर शेजारी शेजारी ठेवली, मी ठेवायचे तशीच, नीट सरळ. कोणतं, असंही तिला विचारता आलं नाही. बाबांनी 'नळी नको' उचललं, आणि ते तिच्या हातात दिलं. दिलं आणि तिची बोटं त्यावर मिटवली.

आई कार्ड हातात घेऊन बसून राहिली. मी बाहेर ओसरीवर आले.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंना बाबांजवळ बसवून आम्ही दोघी दवाखान्यात गेलो. बाहेरच्या बाकावर बसून मी मनात वाक्य तयार केलं. हिंदीत, छोटं, एकाच अर्थाचं, कोणाचाही गैरसमज होणार नाही असं. आमचा नंबर आला. डॉक्टर म्हणाले, तो क्या सोचा आप लोगों ने? मी तोंड उघडलं आणि ते वाक्य येईना. पहिला शब्दही येईना. बाबांसारखा नुसता एक आवाज माझ्या घशातून निघाला.

आईनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि डॉक्टरांना म्हणाली, "नली नहीं लगवानी. उन्होंने मना किया है."

डॉक्टरांनी लिहिता लिहिता मान वर केली. "अच्छा? बोलने लगे?"

"हाँ," आई म्हणाली. "मुझसे बोले."

मग ती उठली. घरी लवकर पोचायला हवं होतं. त्यांची जेवायची वेळ झाली होती, आणि त्या दिवसापासून ती त्यांना तोंडानं भरवणार होती.